एक वाटी रवा म्हणजे किती ग्रॅम?

मागच्या दिवाळीत शेजारच्या आजींना रव्याचे लाडू नेऊन दिले. दोन दिवसांनी डबा परत करायला आल्या, तेव्हा त्यांच्या हातात वही होती. रवा किती ग्रॅम, साखर किती ग्रॅम, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, चार वाट्या रवा, तीन वाट्या साखर. "पण वाटी म्हणजे किती?"

इथे स्टुटगार्टमध्ये घरगुती केकसुद्धा काट्यावर मोजून होतो. आजींचा एक जुना केक आहे, ग्लाइशश्वेरकूखन, म्हणजे 'सारख्या वजनाचा केक'. अंडी तोलायची आणि तेवढ्याच वजनाचं लोणी, साखर, मैदा घ्यायचा. त्यात आकडे लक्षात ठेवावेच लागत नाहीत. आईच्या वाटीचंही असंच आहे. वाटी लहान असो की मोठी, चारास तीन जमलं की लाडू जमतात. फरक इतकाच, की आजींचं प्रमाण वजनाचं आणि आईचं मापाचं.

तो फरक माझ्या तेव्हा ध्यानात आला नाही. मी सांगून टाकलं, ४०० ग्रॅम रवा, ३०० ग्रॅम साखर. एकतारी पाक मी शेजारी उभी राहून करून घेतला, तरी मिश्रण कोरडंच राहिलं आणि लाडू वळेनात. आजींनी तो रवा चमच्याने खाल्ला आणि छान म्हणाल्या. मला मात्र फार लागलं.

त्या रात्री आईने लग्नात दिलेली स्टीलची वाटी काट्यावर ठेवली, काटा शून्य केला आणि आधी पाणी भरलं. १५० ग्रॅम भरलं, म्हणजे वाटी १५० मिलीची. मग तोच रवा भरला तर १०५ ग्रॅम. साखर १२५. पातळ तूप १३६. चार वाट्या रवा म्हणजे ४२० ग्रॅम आणि तीन वाट्या साखर ३७५. या हिशेबाने ४०० ग्रॅम रव्याला जवळजवळ ३६० ग्रॅम साखर हवी होती. आजींच्या लाडवांत साठ ग्रॅम कमी पडली होती.

सगळ्यात घोळ कणकेचा. चाळून हलक्या हाताने भरली तर ८० ग्रॅम, डब्यात वाटी खुपसून दाबून काढली तर थेट १०० ग्रॅम. वाटी तीच, हात तोच. शीग लावली तर आणखी वेगळं. म्हणून आता आईला कृती विचारताना वाटी सपाट की शिगोशीग, हे आधी विचारते. ती साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर वाटी भरून दाखवते. तिची साखर नेहमी शिगेचीच असते, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

आजींच्या स्वयंपाकघरात एक मापाचं भांडं आहे. त्यावर मैदा, साखर, रवा यांच्या वेगवेगळ्या रेघा असतात. मैद्याचे २०० ग्रॅम बरेच वर, साखरेचे त्याच्या खूप खाली. ते भांडं मी कितीदा धुऊन दिलं असेन, पण त्या रेघा वाचल्या नव्हत्या.

तुमच्यापैकी कुणी परदेशात असाल तर एक करा. नेटवरचा 'एक कप' सरळ आपल्या वाटीला लावू नका. अमेरिकेतला कप साधारण २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानातला २००. आपल्या घरातली एक वाटी ठरवा, पाण्याने तिचं माप काढा आणि एकेक जिन्नस दोन-तीनदा भरून तोला. मिठाचं तर नक्की करा, कारण जाड्या मिठाचा चमचा बारीक मिठाच्या चमच्यापेक्षा हलका भरतो.

आजींनी पुन्हा लाडू केले, ४२० आणि ३७५ने. वळले. आता त्यांना मोदक शिकायचेत. उकडीला आई जेवढी वाटी पिठी तेवढी वाटी पाणी घेते. आजींना नुसतं 'सारखं' सांगितलं तर त्या दोन्ही तोलून सारखं घेतील, पिठी जास्त होईल आणि उकड घट्ट येईल. गणपतीच्या आधी तांदळाची पिठी तोलून ठेवायची आहे.