दलाल मध्ये कशाला?

"कारखान्याचं जुनं मशीन घ्यायचं-विकायचं असलं की दलाल मध्ये कशाला? सरळ मालकाशी बोलता येत नाही का?" हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी येतो. विचारणारे बहुतेक जण पहिलंच मशीन घेत असतात आणि दलालीचे टक्के ऐकून त्यांच्या पोटात गोळा आलेला असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विकताना मी दलालाशिवाय पाऊल टाकत नाही. घेताना मात्र त्याच्याकडून पत्ता तेवढा घेतो.

आधी एक गल्लत दूर करू. डीलर वेगळा, दलाल वेगळा. डीलर स्वतःचे पैसे घालून मशीन विकत घेतो, गोदामात ठेवतो, चालवून दाखवतो, जमलं तर महिनाभराची हमीही देतो. दलालाच्या मालकीचं त्यात काहीच नसतं. सौदा झाला तर त्याची मिळकत, आणि सौदा तुम्हाला लाभला की बाधला याने त्याच्या टक्क्यात फरक पडत नाही. हा त्याचा लबाडपणा नव्हे, धंद्याची घडणच तशी आहे. आपण ती विसरतो आणि मग "त्याने फसवलं" म्हणत फिरतो.

मी एकदा व्हीएमसी (संगणकावर चालणारं, धातू कापणारं उभं मशीन) शोधत होतो. आठवड्यात तिघांकडून फोटो आले, किमती तीन. तिन्ही फोटोंत दारावर तोच अर्धवट फाटलेला लाल स्टिकर! चौकशी केली तेव्हा कळलं की तिघांपैकी एकानेही ते मशीन पाहिलेलं नव्हतं. एकाचा फोटो दुसऱ्याने उचललेला, त्याचा तिसऱ्याने, आणि प्रत्येकाने आपला वाटा वर चढवलेला. तेव्हापासून माझी पहिली मागणी ठरलेली असते: कागदावर आजची तारीख लिहा, तो नेमप्लेटशेजारी धरा आणि सिरियल नंबर वाचता येईल असा फोटो पाठवा. ज्याची मालकाशी थेट ओळख आहे, त्याचा फोटो संध्याकाळपर्यंत येतो. ज्याची नाही, तो मला या मशीनला किती गिऱ्हाइकं आहेत ते ऐकवायला लागतो.

पत्ता मिळाला की पुढचं काम आपलं. जायच्या आधी निरोप द्यायचा, मी येईपर्यंत मशीन सुरू करू नका. गेल्यावर हात लावून बघायचं. गरम लागलं तर समजायचं की थंड असताना ते काहीतरी बोलतं आणि ते आपल्या कानावर पडू द्यायचं नाहीये. उलट स्पिंडलच्या (मशीनच्या फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगची तक्रार कधी कधी अर्धा तास फिरल्यावरच ऐकू येते, म्हणून बसून राहायचं, चहा झाला तरी उठायचं नाही. लेथ (जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरवून तासणारं मशीन) असेल तर त्याचा बेड, म्हणजे लांब पाया, चकच्या, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्याच्या बाजूला जास्त झिजलेला असतो, कारण रोजचे जॉब आखूड असतात आणि हत्यार धरणारी कॅरेज तिथेच मागेपुढे होते. तिथे कॅरेजची ढिलाई काढून घट्ट करा आणि मग ती टेलस्टॉककडे, म्हणजे चकच्या समोरच्या टोकाकडे, न्या. अडकायला लागली तर किती झीज आहे ते हातालाच कळतं. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, चालू तासांचा आकडा दाखवतील. बऱ्याच कंट्रोलवर (मशीनच्या संगणकावर) तो पॅरामीटरमध्ये, म्हणजे आतल्या सेटिंगमध्ये, जाऊन बदलता येतो, त्यामुळे मी तो वाचतो आणि सोडून देतो. नवा रंगही मला आवडत नाही. तेलकट, मळकट, पण कालपर्यंत जॉब काढत असलेलं मशीन परवडतं.

बंद पडून असलेलं सीएनसी हा वेगळाच विषय. पुष्कळ कंट्रोलमध्ये पॅरामीटर बॅटरीच्या जोरावर टिकून असतात. वीज तोडून मशीन महिनोन्‌महिने कोपऱ्यात उभं राहिलं आणि बॅटरी संपली, की सगळं पुसलं जातं. बॅकअप नसेल तर तुम्ही ओतीव लोखंडाचा एक देखणा ठोकळा घेतलेला असतो. दलाल म्हणेल, "फक्त वीज जोडायची आहे." हे "फक्त" मला महागात पडलेलं आहे.

त्याहून महागात पडलं पाच अक्षांचं, म्हणजे जॉब आणि हत्यार पाच प्रकारे हलवू-फिरवू शकणारं, एक मशीन. मालकाच्या शेडमध्ये सुरेख चाललं, माझ्याकडे बसवलं आणि पडद्यावर कुलूप. जागेवरून हललं की बंद पडायची सोय त्यात कारखान्यातूनच होती. निर्मात्याचा माणूस येऊन, आता मालक कोण, काम कसलं, हे सगळं लिहून घेईपर्यंत ते उघडत नाही. यामागचं कारण पटण्यासारखं आहे. अशा मशीनवर शस्त्रांचे भागही निघू शकतात, म्हणून १९९६च्या वासेनार करारातल्या (शस्त्रं आणि तशा कामी येणाऱ्या वस्तूंच्या निर्यातीवरचा देशादेशांतला करार) याद्यांमध्ये त्यांची निर्यात नियंत्रित आहे. त्याआधी १९८७ साली जपानच्या तोशिबा मशीन कंपनीने सोव्हिएत संघाला पाणबुडीचे पंखे कोरणारी मशीन विकल्याचं उघड झालं होतं आणि मोठा गदारोळ झाला होता. पण हे सगळं मी नंतर वाचलं. दलालाला विचारलं तर तो म्हणाला, "मला कुठे माहीत होतं?" आणि खरंच त्याला माहीत नव्हतं. आता मी आधी सिरियल नंबर घेऊन निर्मात्याला विचारतो, मगच विसार देतो. तोही मालकाच्या खात्यात, मशीनवर बँकेचा बोजा नाही याचा कागद बघून. दलाली वेगळी, मशीन गाडीवर चढल्यावर.

चढवण्यावरून आठवलं. "एक्स वर्क्स" (माल विकणाऱ्याच्या जागेवरूनच ताब्यात घ्यायची अट) लिहिलं असेल तर चढवण्याचं काम घेणाऱ्याचं असतं. हे माहीत नसलेले दोन पक्ष क्रेन उभी करून भांडताना मी पाहिले आहेत. आणि चक, टूल होल्डर, वायरिंगचे नकाशे यांची फोटोसह यादी करा, कारण बघायला गेलेल्या दिवसापासून गाडी येईपर्यंत या वस्तूंना पाय फुटतात.

मग विकताना मी दलालाकडेच का जातो? कारण तिथे आपल्याला जे लागतं तेच त्याच्याकडे असतं: गिऱ्हाइकांची ओळख आणि गप्प बसण्याची सोय. मी स्वतः मशीन काढतोय म्हटलं की दुसऱ्या दिवशी माझे कामगार विचारतात, कारखाना बंद होतोय का? आठवड्याभरात माल पुरवणारे उधारी आवरतात. शिवाय नुसतं बघून जाणाऱ्यांची रांग लागते, ती वेगळीच. दलाल हे सगळं अंगावर घेतो. त्याचे टक्के मला कधी खुपले नाहीत.

पण काम एकालाच द्यायचं, लेखी, नव्वद दिवसांसाठी. पाच जणांना सांगितलं की तेच मशीन पाच किमतींनी फिरतं (लाल स्टिकर आठवा) आणि बाजार समजतो, हा अडलेला आहे. आणखी एक. "तुम्हाला हातात किती हवेत ते सांगा, वरचे माझे," असं कोणी म्हणालं तर मी नमस्कार करतो. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या क्षणापासून दोन्ही बाजूंना खरी किंमत न कळण्यातच त्याचा फायदा असतो. टक्के असले की माझी किंमत वाढली तर त्याचीही मिळकत वाढते.

चांगला दलाल पहिला प्रश्न मशीनबद्दल विचारत नाही. तो विचारतो, "जागा कधीपर्यंत खाली करायची आहे?" उत्तर "पुढच्या महिन्यात" असेल तर किंमत तिथेच घसरते. निवांत विकलेल्या आणि घाईने काढलेल्या मशीनच्या मूल्यांकनातला फरक या एका तारखेत असतो.

माझा एक सरफेस ग्राइंडर (पृष्ठभाग घासून सपाट करणारं मशीन) सध्या विकायचा आहे. काल दलालाचा फोन आला, तोच प्रश्न. मी म्हटलं, जागा आहे भरपूर, ग्राइंडर रोज चालतोय, गिऱ्हाईक आलं तर जॉब काढून दाखवीन. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे किती दिवस आहेत?"