दुसरा पाना

गगनबावड्याहून येताना टेंपरेचरचा काटा वर चढला तेव्हाच ओळखलं, रेडिएटर गेला. प्लॅस्टिकच्या टाकीला जोडावर चीर पडली होती. नवा आणला आणि रविवारी राजारामपुरीत आमच्या गल्लीतच गाडी स्टँडवर चढवून बसलो. इंजिन रात्रभर गार झालेलं.

पाण्याचे पाइप किरकोळ काम. पण गाडी ऑटोमॅटिक. तिच्या गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या टाकीतच बसवलेल्या छोट्या कूलरमधून फिरून गार होतं. त्यासाठी खाली लोखंडाच्या दोन नळ्या येतात, एक तेल आणणारी, एक परत नेणारी.

पाना लावून जोर दिला. नट सुटला म्हणून खूश झालो, तर नटाबरोबर नळीच पिळायला लागलेली! समोरच्या कट्ट्यावर चहा घेत बसलेले काका (सगळी हयात उद्यमनगरात फिटर म्हणून गेली त्यांची) तिथनंच ओरडले, "काय करालास? दुसरा पाना लाव की! नळी मोडली तर पार गिअरबॉक्सपर्यंत बदलावी लागतीय."

मग रेडिएटरकडचा षटकोनी तुकडा एका पान्यानं धरला. नळीच्या नटाला काकांनी घरातनं आणलेला पाना, रिंगसारखाच, फक्त नळी आत जायला एका बाजूला फट असलेला. साधा पाना असल्या मऊ नटाचे कोपरे खातो. गंज सोडवायचं तेल मारून वीस मिनिटं थांबलो. नंतर 'कट्' आवाज झाला आणि नट एकटाच फिरला.

तेलाची धार थेट कोपरापर्यंत. ट्रे खाली होता, बाही वर करायची राहिली होती. नळ्यांची तोंडं लगेच रबरी बुचांनी बंद केली. त्या तेलात कचरा गेला तर गिअरबॉक्सच बसतो.

नवीन जोडताना नट आधी बोटांनी फिरवले. आवळताना परत दोन पाने. जेवढं तेल ट्रेत पडलं तेवढंच नवीन ओतलं, तेही कंपनीनं सांगितलेलंच. इंजिन गरम झाल्यावर दांडा सगळ्या गिअरांतनं फिरवून 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर आणला आणि चालू इंजिनवरच तेल मोजायच्या पट्टीवर लेव्हल बघितली.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी त्यावर रुपयाएवढा एक डाग. लाल, म्हणजे गिअरबॉक्सचं. रेडिएटरमधला माझा कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी, हिरवा आहे. खालचा नट पाव फेरा आवळला. पुठ्ठा अजून तिथंच आहे, दुसरा डाग पडलेला नाही.