नाडीखालची खपली

रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं म्हणून परवा रात्री सीएमईच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चालू शिक्षणाच्या, सर्टिफिकेटांची फाईल काढली. आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. माझे भरले होते. पण मोजता मोजता मागच्या खेपेचं एक सर्टिफिकेट हाती आलं. नोव्हेंबर 2017, नागपूर, विषय पावसाळ्यातले ताप, पॉइंट दोन. ते हातात घेऊन बराच वेळ बसले. कारण त्यानंतर नऊ महिन्यांनी माझ्या दवाखान्यात जे घडलं, त्यातली चूक टाळायला जे माहीत असायला हवं होतं, ते सगळं त्या दिवशी त्या हॉलमध्ये सांगितलं गेलं होतं. मी दुसऱ्या रांगेत बसून ऐकलंही होतं.

मी भंडारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी 1999 पासून प्रॅक्टिस करते. एमबीबीएस. खाली दवाखाना, वर घर. आमचा हा धानाचा पट्टा. जुलैत रोवणी, मग निंदण. बाया दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकलेल्या असतात आणि जेवायला, पाणी प्यायला, घटकाभर टेकायला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येतात. धुऱ्यावर गवत माजलेलं असतं. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत माझ्या ओपीडीत निम्मे लोक तापाचे.

2018 च्या ऑगस्टमध्ये अशीच एक बाई आली. पस्तिशीची. सोबत सासू. "मॅडम, पाच दिवस झाले, ताप उतरूनच नाही राहिला. डोकं फुटते म्हणते." तपासलं. ताप 103, डोळे लाल, अंग ठणकतंय, फुफ्फुसं स्वच्छ. मलेरियाची स्लाइड निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह. विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्ततपासणी, थोडी पॉझिटिव्ह आली आणि मी तिथेच थांबले. टायफॉइड. खरं तर एकट्या विडालवर टायफॉइड ठरवू नये हे मला पाठ होतं. आपल्याकडे अर्ध्या गावाची विडाल थोडीफार पॉझिटिव्ह येते. पण गर्दीच्या वेळी हातात काहीतरी निदान लागतं, आणि ते कागदावर छापून आलं की मन लगेच निर्धास्त होतं. सेफ्ट्रिअॅक्झोन सुरू केलं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. चौथ्या दिवशी तिला धाप लागली. ऑक्सिजन कमी दिसला, लघवी कमी झाली होती. लगेच नागपूरला पाठवलं.

रात्री साडेअकराला फोन आला. तिकडची रेसिडेंट मुलगी होती, आवाजावरून पंचविशीची असेल. "मॅडम, तुमच्या पेशंटच्या कमरेवर एस्कार आहे. परकराची नाडी बांधतात ना, बरोबर त्याच्याखाली. डॉक्सी सुरू केलंय. तुम्हाला कळवावं म्हटलं." तिच्या बोलण्यात जराही दोष देणं नव्हतं. मी थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवून पायरीवर बसले.

स्क्रब टायफस. गवतात राहणाऱ्या माइट नावाच्या बारीक किड्याच्या पिल्लाच्या चावण्यातून होणारा आजार. ते पिल्लू इतकं बारीक की नुसत्या डोळ्याला जेमतेम ठिपका दिसावा. चावताना दुखत नाही, खाजतही नाही, त्यामुळे चावल्याचं कोणाला आठवत नाही. अंगावर चढून ते जिथे कपडा आवळून बसलेला असतो तिथे थांबतं. चावल्याजागी काळी खपली धरते, तोच एस्कार. आणि या जंतूवर पेनिसिलिनच्या कुळातली औषधं चालत नाहीत, सेफ्ट्रिअॅक्झोनही चालत नाही. म्हणजे मी तीन दिवस टोचत होते, आणि तिच्या आजाराच्या दृष्टीने तिला काहीच मिळत नव्हतं. चालते ती डॉक्सिसायक्लिन, जिची एक कॅप्सूल चहाच्या कपापेक्षा स्वस्त आहे आणि माझ्या कपाटात तेव्हाही पडलेली होती.

त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर विभागात स्क्रबचे पुष्कळ रुग्ण सापडले, माणसं दगावली, पेपरात रोज येत होतं. माझी पेशंट वाचली. व्हेंटिलेटरवर राहिली, तीन आठवड्यांनी घरी आली. घरच्यांनी दोन म्हशी विकल्या.

ती घरी आल्यावर मी तिच्या गावी गेले. जावंसं वाटत नव्हतं, पण गेले. तिने मला आत नेलं, पाठमोरी झाली आणि नाडी सैल करून दाखवली. उजव्या कमरेवर, गाठ बसते तिथे, वाटाण्याएवढा फिकट वण. म्हणाली, "मले वाटलं नाडी घासून झालं असन. मी रोज पाहत होती. तुमी विचारलंच नाही." रागाने म्हणाली नाही. आणि खरंच होतं ते. मी तिचं पोट साडीवरून तपासलं होतं. स्टेथो पदराखालून लावला होता. वीस वर्षं बायकांना असंच तपासत आले होते, त्यांना अवघडू नये म्हणून, आणि बाहेर चाळीस जण बसलेले म्हणूनही.

आता त्या 2017 च्या भाषणाबद्दल. वक्ते उत्तम होते. एस्कारचा फोटो दाखवला होता, मला आजही दिसतो. गोरी कातडी, तिच्यावर लालसर वर्तुळ, मधोमध काळी खपली, सिगारेटने भाजल्यासारखी. आमच्या उन्हात रापलेल्या बाईच्या कमरेवर ते तसं दिसत नाही. कडेची लाली कळतच नाही. घामाच्या जागी खपली ओली होऊन निघालेली असते, आणि दिसतं ते फक्त खरचटल्यासारखं. शिवाय फोटोत ती जागा उघडी असते. दवाखान्यात ती साडीच्या सहा वारांखाली असते, आणि तिथवर पोचायला पडदा लागतो, सिस्टर लागते, तीन मिनिटं लागतात आणि "जरा नाडी सैल करता का" हे वाक्य तोंडात बसलेलं असावं लागतं. यातलं काहीही त्या स्लाइडवर नव्हतं. माहिती माझ्या कानापर्यंत आली होती, हातापर्यंत आलीच नव्हती.

म्हणून मी हे पोटतिडकीने लिहिते आहे. आम्हा जनरल प्रॅक्टिशनरांचं शिक्षण म्हणजे स्पेशालिस्टने वरून सांगायचं आणि आम्ही खाली बसून ऐकायचं, हीच पद्धत पडली आहे. विषय ते ठरवतात. बऱ्याचदा त्या महिन्यात बाजारात आलेलं औषधही ठरवतं. मी अशा कार्यक्रमांना गेले आहे, जेवले आहे, पेन आणि पॅड घेऊन आले आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांसाठी नवे नियम काढले, त्यात औषध कंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या कार्यक्रमांना जायला मनाई होती. त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. मला वाईट वाटलं. माझ्या ओपीडीतला पाच दिवसांचा ताप कोणतीच कंपनी पुरस्कृत करत नाही. डॉक्सिसायक्लिनमध्ये कोणाला काय मिळणार?

2018 च्या त्या डिसेंबरपासून आम्ही काही डॉक्टर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बसतो. सुरुवात चौघांनी केली, आता अकरा जण आहोत. एमबीबीएस तिघेच. एक बालरोगतज्ज्ञ, एक प्राथमिक आरोग्य केंद्राचे मेडिकल ऑफिसर, बाकी बीएएमएस आणि बीएचएमएस. तालुक्यात पहिला ताप पाहणारी माणसं तीच आहेत. त्यांना बाहेर ठेवून तापाचं शिक्षण करायचं म्हणजे काय करायचं? जागा पॅथॉलॉजी लॅबच्या माडीवर. तर्री-पोहे वर्गणीतून. एमआरना, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना, मज्जाव.

रीत अशी. प्रत्येकाने एक केस पेपर आणायचा, नाव झाकून. शक्यतो जो अडला किंवा चुकला तो. "काय करायला हवं" हे आधी बोलायचं नाही, "मी काय केलं" हे सांगायचं. मग बाकीचे विचारतात. पहिल्या बैठकीत मी त्या बाईचा पेपर वाचला. वाचताना घसा दाटला. पण माझं संपल्यावर दोघांनी आपापला तसाच पेपर सांगितला, आणि ते दोघंही त्याआधी कुठेही बोलले नव्हते. त्या दिवशी आम्ही एक गोष्ट ठरवली. पाच दिवसांवरच्या प्रत्येक तापाच्या कागदावर "एस्कार पाहिला" किंवा "पाहिला नाही" असं लिहायचं. बस. पुढच्या महिन्यात पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी आपले कागद मोजले. लिहिलेले बोटांवर मोजण्याइतके. तिसऱ्या महिन्यात बरेच. ज्यांना जमत नव्हतं त्यांच्या अडचणी निघाल्या. एकाच्या दवाखान्यात पडदाच नव्हता. दुसऱ्याकडे बाई मदतनीस नव्हती. त्याने आशाताईंना विचारलं, त्या तापाच्या बायांसोबत येतातच, त्याच आता पडद्याआड पाहतात आणि सांगतात. पुरुषांत करदोड्याखाली पाहायचं, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, मुलांच्या डोक्यात केसांखाली, हे एकमेकांकडूनच कळत गेलं. एका सरकारी मेडिकल कॉलेजातून निवृत्त झालेले मेडिसिनचे सर तीन महिन्यांतून एकदा एसटीने येतात. ते भाषण करत नाहीत. आमचे पेपर ऐकतात आणि शेवटी अर्धा तास बोलतात. गंभीर स्क्रबमध्ये शिरेतून डॉक्सी आणि अॅझिथ्रोमायसिन दोन्ही एकत्र देणं एकेकट्यापेक्षा सरस ठरतं, हा भारतातच झालेला आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांनी आम्हाला समजावला. पण त्यावर त्यांचा निष्कर्ष आमच्यासाठी असा होता: "हे वरच्या दवाखान्याचं काम. तुमचं काम पेशंटला तिथवर जाऊच न देणं."

सगळं स्क्रबचंच असतं असं नाही. मागच्या हिवाळ्यात एका सहकाऱ्याने ब्लडप्रेशरच्या आजोबांचा पेपर आणला. पायावर सूज, म्हणून लघवीची गोळी दिली. सूज तशीच, म्हणून डोस वाढवला. मग सोडियम उतरलं, आजोबा बरळायला लागले. त्यांचं पहिलं औषध अॅम्लोडिपिन, 10 मिलिग्रॅम. त्यानेच पाय सुजतात, आणि ती सूज लघवीच्या गोळीने उतरत नाही. खोलीत शांतता झाली. मी घरी येऊन माझे पेपर काढले. मीही दोघांना असंच केलेलं निघालं.

या रविवारांना क्रेडिट पॉइंट नाहीत. मिळायला मान्यता लागते, वक्ता लागतो, कार्यक्रमपत्रिका लागते, कौन्सिलचा निरीक्षक लागतो. आणि आमच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांची कौन्सिलच वेगळी. हे नियम वाईट हेतूने केलेले नाहीत हे मला कळतं, खोट्या हजेरीचे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत. पण आपल्या कागदांवर काय बदललं हे दाखवणाऱ्या गटाला तासाचे पॉइंट द्यायची काहीतरी सोय व्हावी. झाकलेल्या नावांचे केस पेपर आणि महिन्या-महिन्याचं मोजमाप यापेक्षा पक्का पुरावा कोणता? तालुक्या-तालुक्यात अशा खोल्या निघतील. आज त्या निघत नाहीत कारण डॉक्टरला एकच रविवार मिळतो, आणि तो पॉइंट असलेल्या ठिकाणी द्यावा लागतो.

मागच्या आठवड्यात तीच बाई आली, आपल्या जावेला घेऊन. सहावा दिवस तापाचा. मी काही म्हणायच्या आत तिने पडदा ओढला आणि जावेला म्हणाली, "नाडी सैल कर, मॅडम पायते." पाहिलं. कंबर, काखा, छातीखाली, जांघा, गुडघ्यामागे, मानेवर केसांत. सिस्टरने टॉर्च धरला होता. कुठेच काही नाही. एस्कार नसला म्हणजे स्क्रब नाही असं नसतं, बऱ्याच रुग्णांत तो सापडतच नाही. दिवस गेलेले नाहीत याची खात्री केली, स्क्रबच्या आयजीएम तपासणीसाठी रक्त पाठवलं आणि डॉक्सी सुरू केली, जेवून, पेलाभर पाण्यासोबत, घेतल्यावर लगेच आडवं न होता. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. काल रिपोर्ट आला, निगेटिव्ह. पहिल्या आठवड्यात तो खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. किंवा हा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस असेल, बांधीत उभं राहणाऱ्यांना तोही होतो आणि डॉक्सीने तोही बरा होतो. लेप्टोसाठी रक्त पाठवायचं मला सुचलं नव्हतं. पेपरची झेरॉक्स काढून, नाव झाकून पिशवीत ठेवली आहे. परवा दुसरा रविवार आहे.