चौथा मजला

आज एम.ए.च्या तासाला अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह शिकलो. १९६२ साली हा माणूस न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत हिंडला. चौथ्या मजल्यावरचीच वस्तू कुठे मिळेल म्हणून विचारायचा आणि नीट ऐकू आलं नाही असं दाखवून उत्तर पुन्हा वदवून घ्यायचा. 'फोर्थ फ्लोअर'मधला 'र' उमटतो का, एवढंच टिपायचं. महागड्या सॅक्समध्ये तो सर्वांत जास्त उमटला, स्वस्तातल्या क्लाइनमध्ये सर्वांत कमी. (इंग्लंडात उलट, तिथे 'र' गिळणारे प्रतिष्ठित!)

मला सातवीचा वर्ग आठवला. 'पानी' म्हणालो म्हणून सगळ्यांसमोर तीनदा 'पाणी' म्हणायला लावलं होतं. कान तापलेले अजून आठवतात.

संध्याकाळी आईचा फोन. "नळाला पानी आलं का रं?"

"आलं की. पानी आलं."