तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्रू सोडवता येत होता, आवळता येत नव्हता

दुकानात येणारं गिऱ्हाईक माझ्या उजव्या कोपराखालची आडवी खूण बघतं आणि विचारतं, हे काय झालं होतं ओ? दंडाच्या स्नायूला कोपराखालच्या हाडाशी धरणारी दोरी, म्हणजे टेंडन, सुटली होती असं सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, ऑपरेशन केलं नसतं तर भागलं नसतं का? आणि तिसरा ठरलेला, मग आता हात पहिल्यासारखा झाला का? दोन वर्षं होत आली, तरी हे तीन प्रश्न थांबलेले नाहीत. गेल्या आठवड्यात कबनूरहून एका वायरमनचा फोन आला, त्याचं अगदी माझ्यासारखंच झालंय आणि घरचे नको म्हणतात म्हणून तो थांबलाय. तेव्हा म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

माझं इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरायचं, दुकान आहे, बावीस वर्षं झाली. दिवाळीला कारखाने बंद असतात आणि परत सुरू झाले की पहिल्या आठवड्यात मोटरी जळायला लागतात, त्यामुळे तो आठवडा आम्हाला मान वर करायला वेळ नसतो. २०२३ च्या दिवाळीनंतरचा तोच आठवडा. नवीन वाइंडिंग केलेली ५ एचपीची मोटर मी आणि कारागीर पोरगा टेम्पोत चढवत होतो, चाळीसेक किलोचं धूड, त्याचे हात तेलकट होते आणि एका क्षणात त्याची बाजू सटकली. सगळं वजन माझ्या उजव्या हातावर आलं. सोडून दिली असती तर मोटर फुटली असती, दुसरं काय, पण तेव्हा डोकं तसं चालत नाही, मी ती धरूनच ठेवली, काटकोनात असलेला हात जोर लावत असतानाच ओढून सरळ झाला आणि कोपराच्या आत फट्ट असा आवाज आला. यंत्रमागाचा पट्टा तुटतो ना, तसा. तो आवाज पोरानेपण ऐकला.

गंमत अशी की फार दुखलं नाही. मिनिटभर आग झाली, मग तासाभरात ठणका उतरला. संध्याकाळी आंघोळीला शर्ट काढला तर दंडाचा गोळा खांद्याकडे वर सरकलेला आणि कोपराजवळ खळगा. आईने तेल चोळलं, मिठाची पुरचुंडी करून शेक दिला. दुसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड व्यवस्थित आहे, मुका मार आहे म्हणाले, क्रेप बँडेज आणि गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी कोपरापासून मनगटापर्यंत हात जांभळा झाला, आधी जांभळा मग हिरवट मग पिवळा, आणि मी गोळ्या खात दुकानात बसलो. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, टेंडन दिसत नाही, हे मला तेव्हा माहीत असतं तर आठ दिवस वाया गेले नसते.

नवव्या दिवशी मेहुण्याने ओढत मिरजेला नेलं. तिथल्या सर्जननी काय केलं ते नीट सांगतो कारण ते कुणालाही समजण्यासारखं आहे. कोपर काटकोनात ठेवायला लावलं, तळवा आकाशाकडे फिरवून जोर धरायला सांगितलं, आणि त्यांनी स्वतःचं अंगठ्याशेजारचं बोट कोपराच्या घडीत बाहेरच्या बाजूने आत घातलं. डाव्या हाताला त्यांचं बोट एका जाड दोरीखाली हुकासारखं अडकलं, ओढलं तरी दोरी हटेना. उजव्या हाताला बोट नुसतंच आत गेलं, अडकायला तिथे काही नव्हतंच. याला हुक टेस्ट म्हणतात. अर्ध्या मिनिटाचं काम. नंतर एमआरआय झाला आणि त्यात दिसलं की टेंडन हाडापासून पूर्ण उखडून वर गेलंय.

लोक म्हणतात शीर तुटली. शीर नाही ती. दंडाचा बायसेप्स वर खांद्याला दोन जागी चिकटलेला असतो पण खाली कोपराच्या पुढे एकाच जाड टेंडनने रेडियस नावाच्या हाडाला धरलेला असतो, आणि माझं ते खालचं सुटलं होतं. चाळीस ते साठ वयातल्या पुरुषांनाच हे जास्त होतं, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका बराच जास्त असतो. डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत सिगारेटचं विचारलं होतं. मी ओढायचो. त्या दिवसापासून बंद आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. भागलं असतं का, तर हो, हात चालला असता. कोपर वाकवायला बायसेप्सच्या खाली आणखी एक मोठा स्नायू असतो, तो बरंचसं सांभाळून घेतो. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ऑपरेशन नाही केलं तर वाकवायची ताकद साधारण ३० टक्के कमी राहील आणि तळवा वर फिरवायची साधारण ४० टक्के, तुमचं वय सत्तर असतं आणि बसून काम असतं तर मी नको म्हणालो असतो, पण तुम्ही दिवसभर काय करता? मी म्हटलं पाने आणि स्क्रू ड्रायव्हर. मग करा म्हणाले, आणि दोन-तीन आठवड्यांच्या आत करा, कारण टेंडन वर आखडत जातं, आजूबाजूला चिकटतं, उशीर झाला तर ओढून खाली पुरत नाही आणि मग दुसरीकडचं टेंडन घेऊन जोड द्यावा लागतो. म्हणून कबनूरच्या भावाला मी इतकी घाई करतोय.

तेराव्या दिवशी ऑपरेशन झालं. मानेच्या खाली इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर केला, आणि तो हात उचलून बाजूला ठेवला तेव्हा कुणा दुसऱ्याचाच हात वाटला, मला अचानक भीती वाटली आणि शेजारच्या सिस्टरना मी विचारलं की हा परत येईल ना. येईल काका, रात्री येईल, म्हणाल्या. हाडाला भोक पाडून टेंडनचं टोक त्यात ओढून घेतात आणि धाग्याला १२ मिलिमीटरच्या आसपासचं धातूचं एक छोटं बटण असतं, ते भोकातून पलीकडे काढून आडवं करतात. काजातून बटण काढून फिरवल्यासारखं. नंतरच्या एक्स-रेत ती पांढरी रेघ मी बराच वेळ बघत बसलो होतो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू जोडल्या, आपल्या आत अशी जोडणी बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

पहिले दोन आठवडे प्लास्टरची पट्टी, मग बिजागरीचा ब्रेस, त्याला डायल असते, हात किती सरळ होऊ द्यायचा ते त्यावर ठरतं. माझा सुरुवातीला ६० अंशांवर लॉक होता आणि दर आठवड्याला फिजिओ मॅडम थोडा थोडा उघडायच्या. बायकोने शर्टांच्या उजव्या बाह्या उसवून नाड्या लावल्या. झोप उशांच्या ढिगाला टेकून, बसल्यासारखी. जेवण डाव्या हाताने, चमच्याने. हे सगळं होऊन जातं, यात काही विशेष नाही, माणूस आठ दिवसांत शिकतो.

खरं अवघड आहे ते चौथ्या ते आठव्या आठवड्यातलं, आणि ते मला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं म्हणून इथे थांबून सांगतो. चौथ्या आठवड्यात दुखायचं थांबलं. जखम भरली, सूज गेली, हात स्वतःचा वाटायला लागला. पण आत टेंडन हाडाला अजून धरलेलं नसतं, तो सगळा भार धाग्यावर आणि त्या बटणावर असतो, हाडाला पक्कं चिकटायला त्याला कित्येक महिने लागतात. आणि मला सूचना काय, तर सहा आठवडे चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही. माझी पुतणी तेव्हा अडीच वर्षांची होती, मी घरी आलो की दारात दोन्ही हात वर करून उभी राहायची, काका उचल. एका संध्याकाळी माझा हात पुढे गेलासुद्धा, कारण दुखतच नव्हतं ना, आणि बायको स्वयंपाकघरातून अहो! म्हणून इतक्या मोठ्याने ओरडली की पोर रडायला लागली. मी तिथेच उंबऱ्यात खाली बसलो आणि तिला म्हटलं तू ये वर, ती मांडीवर चढली. पुढचे दोन महिने आम्ही उंबऱ्यातच भेटायचो.

सहा आठवड्यांनी संक्रांत आली, हात जवळजवळ सरळ झाला होता, ब्रेस निघाला. शेजारच्या काकूंनी तिळगूळ दिला तर मी उजवा हात पुढे केला आणि तळवा वर वळेना. अर्धा वळून थांबला, भिंतीसारखा. काकूंना काही कळलं नाही, त्यांनी बोटांत ठेवला. मला मात्र त्या दिवशी रात्रभर झोप लागली नाही.

मग व्यायाम सुरू झाले. आधी नुसतं फिरवणं, दुसऱ्या हाताने आधार देऊन. दहाव्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या काका, दुकानातली हातोडी घेऊन या. हातोडीचा दांडा डोक्याच्या अगदी जवळ धरायचा, कोपर बरगडीला चिकटवायचं, आणि हळूहळू तळवा वर, हळूहळू खाली. जमायला लागलं की दांड्यावरची मूठ एक बोटभर खाली सरकवायची, तेवढ्यानेच ती हातोडी दुप्पट जड वाटते. पुढच्या तीन महिन्यांत मी त्या दांड्यावर पेनाने रेघा मारत गेलो, एकूण अकरा झाल्या.

त्याच सुमारास दुकानात हलकी कामं करायला परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी एका छोट्या मोटरच्या टर्मिनल बॉक्सचे चार स्क्रू सोडवायला घेतले, चारही उजव्या हाताने सटासट निघाले, इतका आनंद झाला की बायकोला फोन करून सांगितलं. काम झाल्यावर झाकण परत बसवायला घेतलं तर एकही स्क्रू आवळता येईना. शेवटचा अर्धा फेरा आला की हातात काही उरतच नव्हतं, स्क्रू ड्रायव्हर मुठीतच फिरायचा. मला वाटलं आतून परत तुटलं. घाबरून मॅडमना फोन लावला तर त्या म्हणाल्या नाही, नीट विचार करा, उजव्या हाताने आवळताना हात बाहेर फिरतो, तळवा वर जायच्या दिशेने, ते काम बायसेप्सचं. सोडवताना उलटा फिरतो, तिथे दुसरे स्नायू आहेत, त्यांना काही झालेलंच नाही. बावीस वर्षांत लाखभर स्क्रू आवळले असतील, पण ते काम कोण करतंय हे मला त्या दिवशी कळलं. पुढे अडीच महिने सोडवायचो उजव्याने आणि आवळायचो डाव्याने.

पाचव्या महिन्यात पुतणीला उचललं. आधी मॅडमना विचारून, तिचं वजन करून, अकरा किलो.

मग हात पहिल्यासारखा झाला का? तळवा पूर्ण वळतो. २०२४ च्या दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला गेलो होतो, ओंजळीत तीर्थ घेतलं, थेंब सांडला नाही, आणि गर्दीत मागून ढकलत होते तरी मी क्षणभर तसाच उभा राहिलो. स्क्रू आवळतो. दिवसभर आवळले तर संध्याकाळी दंड डाव्यापेक्षा लवकर दमतो. अंगठ्याच्या वर हाताच्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढी जागा अजून बधिर आहे, ऑपरेशनमध्ये तिथली चामडीची नस ताणली जाते, बहुतेकांची काही महिन्यांत परत येते, माझी पूर्ण आली नाही, पण त्याने काही अडत नाही. आणि जड मोटर आता हाताने उचलत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये दुकानात साखळीने वजन उचलायचा चेन ब्लॉक बसवून घेतला, पोरालाही सक्त सांगितलंय, निसटली तर सोडून दे, मोटर मी भरून देईन.

तर कबनूरच्या भावा, तुझा आज बारावा दिवस आहे. घरच्यांना हे वाचून दाखव. उद्या सकाळी मिरजेला जा, एमआरआयची फिल्म सोबत घे, आणि तेल चोळणं आजपासून बंद. तुझ्या हातातल्या दोन मोटरी अर्धवट पडल्यात म्हणालास ना, त्यांची काळजी करू नकोस, मी दुपारी पोराला टेम्पो घेऊन पाठवतो, आम्ही करून ठेवतो.