सत्तर-तीसचा नियम आणि तीन विषयांच्या फायली

प्राध्यापकपदासाठी कॅसच्या (शिक्षकांच्या बढतीच्या योजनेच्या) तीन फायली यंदा एकदमच माझ्या टेबलावर आल्या. एक रसायनशास्त्राची, एक पत्रकारिता विभागाची आणि एक गणिताची. मी सांगलीतल्या एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. प्राचार्यांचा निरोप होता, "पेपरांची पडताळणी तुम्ही करा. तुमची सही असल्याशिवाय आयक्यूएसी फाईल पुढे पाठवणार नाही." (आयक्यूएसी म्हणजे कॉलेजातला गुणवत्ता कक्ष.) अशी जबाबदारी इतर कॉलेजांतही ग्रंथपालाच्याच गळ्यात पडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नियम थोडक्यात असे. यूजीसीची २०१८ ची नियमावली राज्यात ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू झाली. महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी. हवी, किमान १० शोधनिबंध हवेत, त्यांतले ३ मूल्यांकनाच्या काळातले हवेत आणि संशोधनाचे गुण किमान ११० हवेत. एका शोधनिबंधाला विज्ञान शाखेत ८ गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांत १०. (ग्रंथालयशास्त्रही या दहातच येतं, एवढंच काय ते आमचं भाग्य.) नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे (त्यातल्या लेखांचे संदर्भ इतर किती घेतात, त्याचा आकडा) त्यात आणखी ५ ते ३० गुणांची भर पडते. लेखक दोन असतील तर दोघांना प्रत्येकी ७० टक्के. दोनापेक्षा जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा (संपादकांशी) पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. पंधरा गुणांच्या पेपरवर साडेदहा मिळणार की साडेचार, हे या एका वाक्यावर ठरतं.

रसायनशास्त्राची फाईल आधी घेतली, कारण ती सगळ्यात जाड होती. जाड असली तरी तपासायला सोपी. रसायनवाल्यांच्या पेपरात कोण काय हे वर्षानुवर्षांच्या रिवाजाने ठरलेलं असतं. ज्याने प्रयोगशाळेत हात काळे केले तो पहिला, ज्याची प्रयोगशाळा तो बहुतेक शेवटचा आणि त्याच्या नावावर तारा, म्हणजे पत्रव्यवहार त्याचा. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमागचा प्रथिनांच्या रचनेवरचा २०२१ चा पेपर पाहिला तरी हेच दिसतं, पहिलं नाव जंपर आणि शेवटचं हासाबिस. शिवाय आता बरीच नियतकालिकं कुणी काय केलं हे शेवटी छापतात. त्यासाठी 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची यादी आहे. कल्पना कुणाची, प्रयोग कुणाचा, मसुदा कुणी लिहिला, सगळं नावानिशी. मी त्या पानावर पेन्सिलने खूण करायची, झेरॉक्स जोडायची, पुढचा पेपर घ्यायचा.

पण सरांचे पेपर हळदीवर, आणि सांगलीत राहून हळदीकडे काणाडोळा कसा करणार? इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. आमच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी 'करक्युमिनवर (हळदीतल्या पिवळ्या द्रव्यावर) नवा शोध' असलं कात्रण घेऊन येतं. मी सरांना विचारलं, जगात करक्युमिनवर इतके पेपर निघतात तर औषध का निघत नाही? सर हसले आणि २०१७ चा एक आढावा वाचायला दिला. औषधी रसायनशास्त्राच्या नामांकित नियतकालिकातला. त्याचं म्हणणं असं की हा रेणू टिकत नाही, रक्तात पुरेसा उतरत नाही आणि मुख्य म्हणजे चाचणीतच फसवतो. तो स्वतः चमकतो, भेटेल त्या प्रथिनाला चिकटतो आणि यंत्राला वाटतं औषध लागू पडलं. १२० च्या वर क्लिनिकल ट्रायल झाल्या होत्या, त्यांत दुहेरी अंध पद्धतीने (खरं औषध कुणाला, हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही न सांगता) घेतलेली एकही यशस्वी ठरलेली नव्हती.

सरांचं काम मात्र औषधाचं नाहीच. करक्युमिन आणि बोरॉन आम्लात एकत्र आले की लालभडक संयुग तयार होतं, रोझोसायनिन. पाण्यातला आणि मातीतला बोरॉन मोजण्याची ही जुनी पद्धत. सरांनी ती कागदाच्या पट्टीवर आणली. द्राक्षबागेत बोरॉन कमी पडला की मणी नीट धरत नाहीत, जास्त झाला की पानं करपतात. तासगाव-मिरजेकडच्या बागायतदाराला हे वेगळं सांगावं लागत नाही. औषधाच्या चाचणीत जो रंग आणि जी चमक अडचण ठरते, तिच्यावरच सरांची पट्टी चालते. फाईलमध्ये या कशाला जागा नव्हती. तिथे फक्त नियतकालिकाचं नाव, वर्ष आणि आकडा.

आकडा म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर. नियमावलीत तो 'थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे' घ्यायचा असं लिहिलंय. त्या कंपनीने हा व्यवसाय २०१६ मध्येच विकला आणि आता ती यादी क्लॅरिव्हेट काढते. त्यामुळे फाईलवर 'क्लॅरिव्हेट, पूर्वीचे थॉमसन रॉयटर्स' असं लिहून टाकावं, नाहीतर एखादा काटेकोर सदस्य तिथेच अडतो. आणि 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल' अशी भारदस्त नावं लावलेले विकतचे इम्पॅक्ट फॅक्टर बाजूला काढावेत. माझ्यासारख्याला यात थोडा घरचा अभिमानही आहे. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजातल्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी रसायनशास्त्राच्या एका नियतकालिकातले संदर्भ मोजले. लहान कॉलेजच्या ग्रंथालयाने कोणती नियतकालिकं घ्यावीत, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. पुढे इम्पॅक्ट फॅक्टर रूढ करणारा यूजीन गारफिल्डही रसायनशास्त्र शिकून ग्रंथालयशास्त्राकडे वळलेला. वर्गणीचे पैसे कुठे घालावेत यासाठी काढलेली मोजपट्टी माणसांच्या बढतीला लावली गेली, हा आमच्या धंद्याचा दोष नव्हे!

पत्रकारितेच्या सरांची फाईल बारीक. संज्ञापनाच्या अभ्यासात एकट्याने लिहिणं अजून चालतं, त्यामुळे सत्तर-तीसचा प्रश्न तिथे जवळजवळ नव्हताच. सरांचा विषय आहे व्हॉट्सअॅपवरच्या पूरवार्ता. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीत पोरंसोरंही सांगतील. तरी पावसाळ्यात कुणीतरी जुना फोटो नव्या आकड्यासकट फिरवतो आणि अर्धा गावभाग, म्हणजे जुनी सांगली, सामान वरच्या मजल्यावर नेतो. लोक असले निरोप का पुढे ढकलतात, हा सरांचा प्रश्न. त्यांच्या पेपरात बिहारच्या दोन अभ्यासांचा उल्लेख वारंवार येतो. सुमित्रा बद्रिनाथन यांचा २०२१ चा अभ्यास एकटीचा. घरोघरी जाऊन तासभर समजावलं तरी खोटी बातमी ओळखण्यात सरासरी फरक पडला नाही. नंतर त्यांनीच इतरांबरोबर बिहारमधल्या तेरा हजारांवर शाळकरी मुलांना काही आठवडे वर्गात शिकवून पाहिलं, तेव्हा फरक पडला आणि टिकला. सर म्हणतात, "एका व्याख्यानाने काही होत नाही, हे मला एनएसएसच्या शिबिरात आधीच कळलं होतं. पण ते मोजून दाखवायला कुणीतरी लागतं."

त्यांच्या फाईलची अडचण वेगळीच निघाली. त्यांचा एक पेपर छापील त्रैमासिकात आलेला, तेव्हा केअर यादीत (यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत) असलेल्या. त्याच नावाचं, तोच आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) लावलेलं बनावट संकेतस्थळ कुणीतरी काढलंय आणि शोधलं की आधी तेच येतं. प्राथमिक छाननीत कुणीतरी ते उघडलं, पेपर सापडला नाही, लाल शेरा मारला. त्यात केअर यादीच यूजीसीने ११ फेब्रुवारी २०२५ च्या सूचनेने बंद केलेली, म्हणजे दाखवायचं तरी काय? सुदैवाने ते त्रैमासिक आमच्याकडे वर्गणीने यायचं. मी बांधीव खंड काढला, आवक नोंदवहीतल्या त्या अंकाच्या ओळीची झेरॉक्स घेतली आणि तारखेचा शिक्का दिसेल असा मुखपृष्ठाचा फोटो जोडला. यादीतली त्या काळची नोंद मी दर वेळी पीडीएफ करून ठेवत आलोय, तीही लावली. पेपर छापला गेला त्या दिवशी नियतकालिक यादीत होतं का, एवढाच मुद्दा असतो. आज यादी आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, हे आवरणपत्रात ठळक लिहिलं. ज्यांच्याकडे जुने पुरावे नसतील त्यांनी आताच शोधून ठेवावेत.

खरा घोळ गणिताच्या फाईलमध्ये होता.

मॅडमचं काम आलेखांच्या सिद्धांतात, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणितात. पेपर मोजके, बहुतेक तिघांचे. मॅडमचं आडनाव 'य'चं. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, ते रांगेच्या टोकाकडेच जाणार. गणितात लेखकांची नावं अक्षरक्रमाने लावतात. त्यामुळे सगळ्या पेपरांत मॅडम तिसऱ्या, आणि कार्यालयातल्या तक्त्यात सगळीकडे ३० टक्के. बेरीज ११० च्या बरीच खाली. मॅडम तक्रार करणाऱ्यातल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "लग्नानंतर आडनाव बदललं नसतं तर मी 'आ'ची होते."

सुटका कशी झाली ते सांगतो, कारण हे कुणाच्याही उपयोगी पडेल. अमेरिकन मॅथमॅटिकल सोसायटीने २००४ मध्ये याच विषयावर एक निवेदन काढलंय, ते जाळ्यावर फुकट मिळतं. गणितातल्या बहुतेक शाखांत संयुक्त संशोधनात कुणाची कोणती कल्पना हे वेगळं काढणं निरर्थक असतं, म्हणून नावं अक्षरक्रमाने येतात, असा त्याचा आशय. ते छापून घेतलं. नियमात 'पहिला' या शब्दापुढे 'मुख्य' आणि 'पत्रव्यवहार करणारा' असेही शब्द आहेत, त्यांवर पिवळी रेघ मारली. मग मॅडमनी प्रत्येक पेपरचा संपादकांशी झालेला ईमेल काढला. काही पेपरांत पत्रव्यवहार त्यांचाच होता, छापील पानावरही तळटीपेत त्यांचाच पत्ता. दोन पेपरांत तो सहलेखकाचा होता. त्या दोन पेपरांत ७० मागायचे नाहीत, असं मॅडमनी स्वतःच सांगितलं.

समितीला पटवायला उदाहरणं हवी होती. एक मला फार आवडलं. षड्यंत्राच्या कल्पनांवर विश्वास असणाऱ्यांशी एआयने संवाद साधला तर तो विश्वास सरासरी २० टक्क्यांनी उतरतो आणि दोन महिन्यांनंतरही उतरलेलाच राहतो, असं दाखवणारा २०२४ चा पेपर. लेखक कॉस्टेलो, पेनिकूक, रँड. अगदी अक्षरक्रम! पण तो योगायोग. त्या शास्त्रात पहिला म्हणजे मुख्य, आणि कॉस्टेलो खरोखर मुख्य लेखक आहे. याउलट २०२५ च्या फेब्रुवारीत त्रिमितीतली काकेया अटकळ (भूमितीतला एक जुना, न सुटलेला प्रश्न) सोडवणारे हाँग वांग आणि जोशुआ झाल. त्यांचाही अक्षरक्रमच, पण तिथे त्याला काही अर्थ नाही. आणि २०२३ चा तो टोपीच्या आकाराचा फरशीतुकडा, ज्याने जमीन झाकता येते पण नक्षी कधीच आवर्ती होत नाही. त्याच्या पेपरवर नावं स्मिथ, मायर्स, कॅप्लन, गुडमन-स्ट्रॉस. बरोब्बर उलटा अक्षरक्रम! आकार शोधला तो छपाईच्या कामातून निवृत्त झालेल्या स्मिथ यांनी, आणि नाव त्यांचंच पहिलं. एकाच कागदावर तिन्ही लिहिली. नुसत्या रांगेवरून काही कळत नाही, हे त्यावरून दिसतं.

इम्पॅक्ट फॅक्टरचं तसंच. तो ढोबळमानाने गेल्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या संदर्भांवर निघतो. गणितात पेपर छापून यायलाच वर्षं जातात. गोळे रचण्याबद्दलच्या केप्लरच्या अटकळीची हेल्सने केलेली सिद्धता १९९८ मध्ये दाखल झाली आणि २००५ मध्ये छापली गेली. मॅडमचा एक पेपर करोनात पाठवलेला, तो परवा परवा आला. असल्या विषयात दोन वर्षांची खिडकी उघडून बसलं तर काय दिसणार? पण हे लिहून उपयोग नव्हता, नियमात त्याला पळवाट नाही. मी लिहिलं नाही.

समिती बसली त्या दिवशी रसायनाची फाईल चहा निवायच्या आत पुढे सरकली. बोरॉनबद्दल कुणी विचारलं नाही. गणितावर अर्धा तास गेला. वाणिज्य शाखेतल्या एका सदस्यांनी विचारलं, "मग तुमच्यात मोठं काम कुणी केलं हे कळतं कसं?" मॅडम म्हणाल्या, "पेपर वाचून." थोडी शांतता झाली, मग एक जण हसला आणि मी पिवळ्या रेघेचं पान पुढे केलं. जिथे पत्रव्यवहार मॅडमचा होता ते पेपर ७० टक्क्यांनी धरले, दोन ३० वर राहिले. बेरीज काठावर, पण वर.

पत्रकारितेच्या सरांचं त्रैमासिक बांधीव खंड बघून मान्य झालं. त्यांचं संपादित पुस्तकातलं एक प्रकरण मात्र बाजूला ठेवलंय, ५ गुणांचं. त्यावरचा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) त्याच पुस्तकाचा असल्याचं प्रकाशकाचं पत्र हवं. प्रकाशकाचा फोन लागतो, "आज पाठवतो" असंही म्हणतात.