दोहा, डिसेंबर 2022: दोन मॅच आणि गर्दीतून बाहेर पडायची रीत

कतारच्या फुटबॉल वर्ल्ड कपची तिकिटं आम्हाला मिळाली ती बाद फेरीची: 6 डिसेंबरची मोरोक्को-स्पेन आणि 9 तारखेची नेदरलँड्स-अर्जेंटिना. खेळाबद्दल भरपूर लिहून झालंय. मी लिहितोय ते गर्दीबद्दल, कारण पुढच्या स्पर्धेला जाणाऱ्याच्या कामाचं तेच आहे.

पहिली मॅच एज्युकेशन सिटी स्टेडियमला होती. मेट्रोच्या हिरव्या लाइनवर स्टेशन आहे आणि बाहेर पडलं की स्टेडियम समोरच दिसतं. हय्या कार्ड (स्पर्धेच्या प्रेक्षकांना काढावं लागणारं ओळखपत्र) असलं की स्पर्धेच्या काळात मेट्रो फुकट होती, त्यामुळे टॅक्सीचा विचारसुद्धा करायची गरज पडली नाही. म्शेइरेब स्टेशनला मेट्रोच्या तिन्ही लाइनी एकत्र येतात. तिथे गाडी बदलतानाच लाल झेंड्यांचा लोंढा लागला आणि डब्यात ढोल सुरू झाला. गंमत म्हणजे त्या लाल गर्दीत सगळे मोरोक्कोचे नव्हते. माझ्या शेजारी उभा असलेला माणूस ट्युनिशियाची जर्सी घालून, खांद्यावर मोरोक्कोचा झेंडा टाकून आला होता. ट्युनिशियाने फ्रान्सला हरवलं तरी संघ गटातच बाद झाला होता. "आमचं आटोपलं, आता हेच आमचे," इतकं सांगून तो पुन्हा गाण्यात सामील झाला. सौदी, इजिप्त, पॅलेस्टाइन असे बरेच अरब झेंडे त्या दिवशी एकाच बाजूला होते.

आत गेल्यावर कळलं की या पाठिंब्याला आवाज किती असतो. स्पेनने त्या मॅचमध्ये हजारावर पास दिले, आणि चेंडू त्यांच्या पायात असेपर्यंत सगळं स्टेडियम शिट्ट्या वाजवत होतं. म्हणजे जवळजवळ दोन तास. लहान मुलं बरोबर असतील तर कानात घालायला काहीतरी घेऊनच जा, हा सल्ला मी सगळ्यात आधी देईन.

आमच्या मागे एक स्पॅनिश कुटुंब होतं, बाप आणि गालांवर लाल-पिवळे पट्टे रंगवलेल्या दोन मुली. चहूबाजूंनी विरोधकच. मॅच बरोबरीत राहून पेनल्टीवर गेली. त्यात स्पेनला एकही गोल करता आला नाही आणि मोरोक्कोच्या हकिमीने चेंडू अगदी अलगद गोलात ढकलला, तेव्हा धाकटी हमसून रडायला लागली. आमच्या रांगेतली मोरोक्कन बाई वळली, पर्समधून टिश्यू काढून तिच्या हातात दिला आणि पुन्हा तोंड फिरवून पहिल्यासारखीच किंचाळायला लागली.

हे पाहून "फुटबॉल माणसं जोडतो" वगैरे म्हणायचा मोह होतो, पण जरा थांबा. याच मोरोक्कोने 27 नोव्हेंबरला बेल्जियमला हरवलं तेव्हा ब्रुसेल्समध्ये गाड्या जळल्या, पोलिसांना पाण्याचे फवारे मारावे लागले. संघ तोच, आनंदही तोच. मग फरक कशाचा? स्टेडियमात दारू नव्हती हे एक कारण लोक सांगतात. असेल थोडंफार. पण मला वाटतं, दोह्यात आलेला माणूस पाहुणा होता. पैसे मोजून, कार्ड काढून आलेला, आणि सगळीकडे त्याला वाट दाखवायला कोणीतरी उभं होतं. ब्रुसेल्सच्या रस्त्यावर जमलेल्या मोरोक्कन मुळाच्या पोरांचं आणि पोलिसांचं नातं त्या मॅचच्या कितीतरी आधीपासून बिघडलेलं होतं. मॅच निमित्त ठरते. आधी जे साठलेलं असतं तेच बाहेर येतं.

मधले दोन दिवस मॅच नव्हत्या. ते सूक वाकिफ या जुन्या बाजारात घालवा, इतकंच म्हणेन.

दुसरी मॅच लुसैल स्टेडियमला, रात्री 10 वाजता, 88 हजारांवर लोक. त्याच संध्याकाळी अर्जेंटिनाचा कट्टर प्रतिस्पर्धी ब्राझील पेनल्टीवर क्रोएशियाकडून हरला होता, त्यामुळे अर्जेंटिनावाले आपली मॅच सुरू व्हायच्या आधीच अर्धे जिंकल्यासारखे नाचत होते. नेदरलँड्सने भरपाई वेळेच्या 11व्या मिनिटाला बरोबरी साधली. मैदानात खेळाडू एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, रेफ्री कार्डांची खैरात करत होता. आमच्या मिश्र भागात मात्र नारिंगी आणि निळे-पांढरे शर्ट खांद्याला खांदा लावून बसले होते आणि टोमण्यांच्या पुढे काही गेलं नाही. शेजारच्या माणसाशी तासभर गप्पा झाल्या असल्या की त्याच्यावर हात उगारणं अवघड जातं. म्हणून तिकीट घेताना गोलमागचा समर्थकांचा भाग टाळून बाजूची जागा बघा. गोलमागे शेवटपर्यंत उभं राहावं लागतं. वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर ते जमणार नाही.

खरी परीक्षा मॅचनंतर. लुसैलचं मेट्रो स्टेशन जवळच आहे, पण तुम्हाला सरळ जाऊ देत नाहीत. कठड्यांच्या नागमोडी रांगांतून लांबचा फेरा मारायला लावतात आणि मध्येच टप्प्याटप्प्याने थांबवतात. दमलेले लोक वैतागतात. पण उंच खुर्चीवर बसलेला, हातात फोमचा भलामोठा पंजा घेतलेला कर्मचारी भोंग्यातून "मेट्रो?" म्हणतो आणि हजारो लोक "धिस वे!" असं ओरडतात. रात्री एक वाजता, पाय मोडलेले असताना, हरलेले डच लोकही त्यात होते.

तो फेरा उगाच नसतो. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी हलायला लागते, तुमचे पाय तुमचे राहत नाहीत. 1989 मध्ये इंग्लंडच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरीत 97 जण मेले ते लोक बेभान झाले म्हणून नाही. आधीच भरलेल्या कप्प्यात आणखी लोक सोडले म्हणून. कतारच्या दोनच महिने आधी इंडोनेशियात कंजुरुहान स्टेडियममध्ये अश्रुधूर सोडला गेला, लोक अरुंद दारांकडे धावले आणि 135 मेले. दोन्हीकडे सुरुवातीला दोष प्रेक्षकांच्या माथी मारायचा प्रयत्न झालाच.

तेव्हा शेवटची शिट्टी झाल्यावर अर्धा तास जागेवर बसून राहा. आत शिरतानाच बाहेर जायची दोन दारं बघून ठेवा. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा, कारण एवढ्या गर्दीत फोन लागेलच असं नाही. तिकीट मोबाइलमध्ये असतं, पॉवर बँक लागतेच. दाटी वाढली तर हात छातीसमोर धरा, श्वासापुरती जागा राखा, रेटा येईल त्याच्या उलट ढकलू नका. तो ओसरला की तिरकं सरकत कडेला या. चप्पल पडली तर पडू दे, वाकायचं नाही.

एक गोष्ट मात्र खटकत राहिली. ही स्टेडियमं ज्यांनी बांधली त्यातले बरेच नेपाळ, भारत, बांगलादेशचे कामगार मॅच बघत होते ते शहराबाहेर औद्योगिक वस्तीत, एशियन टाउनच्या क्रिकेट स्टेडियममधल्या पडद्यावर. आमच्या त्या गर्दीत ते नव्हते.

2030 ची स्पर्धा मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये आहे, पहिले तीन सामने दक्षिण अमेरिकेत. दोह्यासारखे सगळे समर्थक एकाच शहरात सापडणार नाहीत, म्हणून एकच शहर धरून चार-पाच दिवस राहणं बरं. शेंगेन व्हिसावर मोरोक्कोत जाता येत नाही, तो वेगळा काढावा लागतो. आणि तिथून स्पेनला परतायचं असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा मागा.